गर्भपिशवी काढल्यानंतरचा एंडोमेट्रिओसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांमधून, पिशवी काढलेल्या बायकांकडून, त्यांच्या मुलींकडून, नवऱ्यांकडून आणि आशाताईंकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. पोटात अचानक असह्य दुखत असेल, ताप असेल किंवा लघवी होत नसेल, तर आधी प्रश्न ८ वाचावा.

१. पिशवीच काढून टाकली, तर एंडोमेट्रिओसिस संपला नाही का?

नेहमीच संपतो असे नाही. या आजारात गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो: ओव्हरीवर (अंडाशयावर), पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, मूत्राशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. ऑपरेशनमध्ये पिशवी निघाली, पण बाहेरचे हे डाग आणि गाठी तशाच राहिल्या, तर आजाराचा तेवढा भाग शरीरातच राहतो आणि इस्ट्रोजेन, म्हणजे मुख्यतः ओव्हरीत तयार होणारे हार्मोन, मिळत राहिले तर तो पुन्हा दुखू लागतो.

याचा अर्थ ऑपरेशन वाया गेले असा मात्र होत नाही. बहुतेक बायकांना पिशवी काढल्यावर पुष्कळ आराम पडतो, विशेषतः ज्यांना पाळीत अतिरक्तस्राव होत असे किंवा ज्यांच्या पिशवीच्या भिंतीतच हा थर शिरलेला होता त्यांना. त्या दुसऱ्या आजाराला अॅडेनोमायोसिस म्हणतात आणि तो पिशवीबरोबर खरोखरच जातो. दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात. त्यामुळे एक गेला आणि दुसरा राहिला, असेही घडते.

२. माझे नेमके कोणते ऑपरेशन झाले, ते मला माहीत नाही. कसे कळेल?

पुढची जवळजवळ सगळी उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. गावात सगळ्याच ऑपरेशनांना "पिशवी काढली" असे म्हटले जाते, पण त्यात किमान चार प्रकार असतात. फक्त पिशवी काढून तिचे तोंड जागेवर ठेवलेले असू शकते; पिशवी आणि तोंड दोन्ही काढलेले असू शकते; त्यासोबत एक ओव्हरी काढलेली असू शकते; किंवा दोन्ही ओव्हरी आणि नळ्याही काढलेल्या असू शकतात. पोटावरच्या टाक्यांवरून यातले काहीही ओळखता येत नाही.

तीन कागद शोधावेत. पहिला डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ऑपरेशनचे नाव असते. दुसरा ऑपरेशनची नोंद, ज्यात पोट उघडल्यावर किंवा दुर्बिणीतून काय दिसले, काय चिकटलेले होते आणि काय मागे ठेवले, हे लिहिलेले असते. तिसरा बायोप्सी रिपोर्ट, म्हणजे काढलेला भाग तपासून प्रयोगशाळेने दिलेला अहवाल. हा तिसरा कागद सर्वांत जास्त हरवतो, कारण तो ऑपरेशननंतर काही दिवसांनी येतो आणि तोवर रोगी घरी गेलेली असते. कित्येकदा तो दवाखान्याच्या फायलीतच पडून असतो.

कागद नसतील तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात लेखी अर्ज द्यावा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोगीने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात आणि दाखल रोग्यांच्या नोंदी किमान ३ वर्षे जपून ठेवायच्या असतात. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. ऑपरेशन जुने असेल आणि नोंदी मिळाल्याच नाहीत, तर सोनोग्राफी आणि रक्तातील हार्मोनची तपासणी यांवरून ओव्हरी आहेत की नाहीत याचा बराचसा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.

मिळालेला प्रत्येक कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाठवावा. पावसाळ्यात पेटीतल्या कागदांना ओल लागते, वाळवी लागते, फोटो टिकतो.

३. पाळी येत नाही, पण महिन्यातून चार-पाच दिवस पूर्वीसारखेच दुखते. हे पाळीचे दुखणे असू शकते का?

ओव्हरी ठेवलेल्या असतील तर असू शकते. पाळी म्हणजे पिशवीतून येणारे रक्त. ते बंद झाले तरी ओव्हरीचे महिन्याचे चक्र चालूच राहते आणि उरलेला एंडोमेट्रिओसिस त्या चक्राप्रमाणे सुजतो, दुखतो. स्तन भरून येणे, चिडचिड, पोट फुगणे हेही त्याच दिवसांत होते.

हे ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. ज्या दिवशी दुखले त्या चौकटीत टिंब द्यावे, काम सोडून झोपावे लागले तर फुली मारावी, शौचाच्या वेळी दुखले तर "श" आणि लघवीच्या वेळी दुखले तर "ल" लिहावे. तीन महिन्यांनी ही पाने डॉक्टरांसमोर ठेवावीत. टिंबे साधारण चार-चार आठवड्यांनी गोळा झालेली दिसली, तर कारण ओव्हरीच्या चक्राशी जोडलेले असण्याची शक्यता वाढते. ती महिनाभर विखुरलेली असली, तर प्रश्न ५ मधील कारणांकडेही पाहावे लागते. जिला लिहिता येत नाही तिनेही हे करावे, टिंब आणि फुली पुरेशी आहे.

ओव्हरी ठेवल्यावर त्रास परत येण्याची शक्यता जास्त असते, हे खरे आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एंडोमेट्रिओसिससाठी पिशवी काढलेल्या १३८ बायका होत्या. ओव्हरी ठेवलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना पुन्हा दुखणे सुरू झाले, तर दोन्ही ओव्हरी काढलेल्यांपैकी १० टक्क्यांना. मात्र ओव्हरी ठेवलेल्या बायका त्यात २९ च होत्या, त्यामुळे हा आकडा प्रत्येकीचे भविष्य म्हणून वाचू नये. आणि कमी वयात ओव्हरी काढण्याची किंमत काय असते, तेही प्रश्न १० मध्ये अवश्य पाहावे.

४. माझ्या दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत. तरी दुखते. हे कसे?

याची तीन कारणे असू शकतात. पहिले, आतड्यावर किंवा मूत्राशयाजवळ खोल रुजलेला आजार ऑपरेशनमध्ये मागे राहिला असेल. ओव्हरी गेल्यावरही शरीरातील चरबीत थोडे इस्ट्रोजेन तयार होत असते आणि काहींना तेवढेही पुरते. दुसरे, ओव्हरी आजूबाजूला घट्ट चिकटलेली असताना काढली, तर तिचा लहानसा तुकडा मागे राहू शकतो आणि तो पुन्हा हार्मोन बनवू लागतो. दोन्ही ओव्हरी काढलेल्या तरुण बाईला अंगातून वाफा येत नसतील, तर हा संशय घ्यावा. एफएसएच आणि इस्ट्राडिऑल या हार्मोनच्या रक्ततपासण्यांत, हार्मोनची गोळी चालू नसताना, पाळी चालू असलेल्या बाईसारखे आकडे आले तर संशय बळकट होतो. तिसरे, दुखणे एंडोमेट्रिओसिसचे नसून दुसऱ्याच कशाचे असेल.

५. मग दुसरी कारणे कोणती असतात?

ऑपरेशननंतर आतले अवयव एकमेकांना चिकटणे हे फार सामान्य कारण आहे. त्यात जेवल्यावर, वळताना किंवा ताणले गेल्यावर ओढल्यासारखे दुखते. मूतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, आतड्याचे जुने दुखणे, कंबरेच्या मणक्याचे दुखणे आणि टाक्याजवळ नस दबणे हीही कारणे आहेत. जुन्या सिझेरियनच्या टाक्यात गाठ येऊन ती दर महिन्याला सुजत असेल, तर तो टाक्यातला एंडोमेट्रिओसिस असू शकतो आणि तो काढता येतो.

एका कारणाकडे आपल्याकडे कमी लक्ष दिले जाते. वर्षानुवर्षे दुखणे सोसत राहिल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि मूळ आजार काढल्यावरही ते सैल होत नाहीत. बसताना, शौचाला आणि संबंधाच्या वेळी दुखते, लघवी लागल्यासारखी वाटत राहते. यावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो. अशा वेळी ऐकीव माहितीवरून आवळण्याचे व्यायाम करू नयेत, त्याने त्रास वाढू शकतो. आधी सैल सोडण्याचे शिकावे लागते. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पोटात सावकाश श्वास भरत खालचा भाग सैल सोडणे, ही त्याची सुरुवात आहे.

६. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात काहीच नाही आणि सासरचे म्हणतात हिची नाटके आहेत. आता काय करावे?

सोनोग्राफीत ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात जुने रक्त साचून झालेली गाठ, चांगली दिसते. पोटाच्या पडद्यावर पसरलेले पातळ डाग मात्र पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. खोल रुजलेला आजार अनुभवी हातांनी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसू शकतो. म्हणून नॉर्मल अहवालाचा अर्थ "या तपासणीत दिसले नाही" एवढाच घ्यावा. सीए-१२५ ही रक्ततपासणीही या आजाराचे होय किंवा नाही ठरवत नाही.

घरच्यांसाठी आम्ही स्पष्टपणे लिहितो: पिशवी काढल्यानंतरचे दुखणे खरे असते, त्याला वैद्यकीय कारणे आहेत आणि ती वर दिली आहेत. विदर्भातल्या बायका दुखणे वाढवून सांगतात याचा कोणताही पुरावा नाही. त्या सांगतच नाहीत, याचा मात्र आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. ज्या घरातली बाई इतक्या वर्षांनी तोंड उघडून दुखते म्हणते, त्या घराने तिला दवाखान्यात न्यावे.

दवाखान्यात "पोट दुखते" एवढेच सांगू नये. कुठे दुखते, कधीपासून, शौच, लघवी आणि संबंध यांच्याशी त्याचा काय मेळ आहे, कोणते काम त्यामुळे सुटले, हे सांगावे. संकोच वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्यावे किंवा कागदावर लिहून द्यावे.

७. ऑपरेशनला दोन वर्षे झाली आणि आता अंगावरून लाल जाते. पाळी परत आली का?

पिशवीचे तोंड ठेवले असेल आणि ओव्हरीही असतील, तर तोंडाशी उरलेल्या अस्तरातून महिन्याला थोडे रक्त जाऊ शकते. तोंडही काढले असेल तर पाळी येणे शक्य नाही. अशा वेळी योनीच्या वरच्या टोकाला टाक्याच्या जागी वाढलेले मांस, तेथील एंडोमेट्रिओसिस, कोरडेपणाने पडलेली चीर किंवा क्वचित कर्करोग, यांपैकी काहीही असू शकते. कारण काही असले तरी पिशवी काढल्यानंतरचे कोणतेही रक्त आतून तपासून घेतलेच पाहिजे. थोडेसेच होते आणि आपोआप थांबले, म्हणून ते सोडून देऊ नये.

८. कोणत्या लक्षणांवर एक दिवसही थांबू नये?

पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होणे आणि उलट्या होणे. थंडी वाजून ताप येणे आणि कुशीत दुखणे. लघवी फार कमी होणे किंवा बंद होणे. एका तासात पॅड भिजेल एवढे रक्त जाणे. पोटात अचानक सुरू झालेले, सरळ उभे राहू न देणारे दुखणे. एका पायाला सूज येणे किंवा धाप लागणे. यासाठी १०८ ला फोन करावा.

आठवड्याभरात दाखवावे अशीही काही लक्षणे आहेत: शौचातून रक्त, लघवीतून रक्त, पोटात हाताला लागणारी नवी गाठ, विनाकारण वजन उतरणे. मूत्रवाहिनीभोवतीचा एंडोमेट्रिओसिस कधी कधी काहीही न दुखवता मूत्रपिंडाचा रस्ता दाबत जातो आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. म्हणून पूर्वी खोल आजार असल्याचे कागदावर असेल, तर सोनोग्राफीच्या वेळी "दोन्ही मूत्रपिंडेही पाहा" असे सांगावे. खर्च तोच असतो.

९. दुखले की मेडिकलमधून गोळी आणते किंवा गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घेते. रोज घेतले तर चालते का?

मेफेनामिक अॅसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या दुखण्याच्या चार-पाच दिवसांत, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने रोज घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत, उन्हात काम करून शरीरातले पाणी कमी झालेले असताना, मूत्रपिंडाचा हा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामोल तुलनेने सुरक्षित आहे, पण २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर जाऊ नये; वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत.

महिन्यात आठ-दहा दिवस गोळी लागत असेल तर दुखणे दाबण्यापेक्षा आजारावर उपचार करण्याची वेळ आलेली असते. ओव्हरी असलेल्या बायकांना डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज, नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे तीन महिन्यांचे इंजेक्शन, असे प्रोजेस्टोजेन प्रकारचे उपचार देता येतात. मूल होऊ नये म्हणून द्यायची औषधे पिशवी नसताना कशाला, असे घरचे विचारतात. येथे ती आजाराला शांत ठेवण्यासाठी दिलेली असतात. उदास वाटणे, डोके दुखणे, वजन वाढणे असे त्रास झाले तर मनानेच बंद न करता डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. ओव्हरीचे काम तात्पुरते थांबवणाऱ्या ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात, म्हणून ती सोबतीच्या संरक्षक औषधाशिवाय सहसा सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत.

१०. माझे वय ३४ आहे आणि दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत. अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही. एक डॉक्टर म्हणतात हार्मोन घ्या, दुसरे म्हणतात घेतले तर आजार परत येईल. कोणाचे ऐकावे?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून नीट समजून घ्यावे. ओव्हरी काढल्यावर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येते. वाफा, घाम, झोपमोड, योनीचा कोरडेपणा, सांधे धरणे ही त्याची दिसणारी लक्षणे आहेत. न दिसणारी हानी त्याहून मोठी असते: हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतीय स्त्रीची पाळी नैसर्गिकरीत्या साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ३४ व्या वर्षी ओव्हरी गेल्या, तर शरीराला बारा-तेरा वर्षे जे मिळायचे होते ते मिळत नाही.

दुसरी बाजू अशी की, नुसते इस्ट्रोजेन दिल्यास पोटात उरलेला एंडोमेट्रिओसिस जागा होऊ शकतो आणि फार क्वचित त्यात कर्करोगाचा बदल झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत. पिशवी नसलेल्या बाईला एरवी नुसते इस्ट्रोजेन देण्याची रीत आहे, कारण पिशवीच्या अस्तराला जपायचे नसते. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईला ही रीत लागू करू नये. मानवी प्रजनन क्षेत्रातील युरोपीय वैद्यकीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही सलग द्यावेत किंवा टिबोलोन हे हार्मोनसारखे काम करणारे औषध द्यावे, आणि ते किमान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवावे, असा विचार मांडला आहे.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा आहे: "मला एंडोमेट्रिओसिस होता, मग दोन्ही हार्मोन असलेले औषध मला देता येईल का?" स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, तर ही औषधे सहसा देत नाहीत, तेव्हा वाफांसाठी हार्मोनविरहित गोळ्या असतात. पंचेचाळिशी ओलांडल्यावर ओव्हरी काढली असेल, तर गणित बदलते आणि त्रास किती आहे त्यावर निर्णय होतो.

हाडांसाठी दूध, दही, ताक, तीळ, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात असावा, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे आणि जमल्यास हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, खर्रा आणि मिशेरी सोडावी. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, तरी ओव्हरी नसलेल्या बाईच्या बाबतीत ते टाळता येत नाही.

११. आमच्याकडे उन्हाळा ४५ अंशांचा असतो. वाफ आली की ऊन लागले, हे कसे ओळखावे?

ओव्हरी नसल्यामुळे येणारी वाफ छातीतून मान आणि चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटांत ओसरते आणि रात्री गारव्यातही येते. ऊन लागले तर सावलीत बसूनही बरे वाटत नाही, मळमळते, डोके दुखते, भोवळ येते, अंग तापते. अशा वेळी वाफ समजून वाट पाहू नये. वाफा येणाऱ्या बाईने दुपारी ११ ते ४ शेतात थांबू नये आणि शेतात लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी पिणे टाळू नये. त्याने मूतखडा आणि जंतुसंसर्ग दोन्ही वाढतात.

१२. कापूस वेचायला, निंदायला कधीपासून जाता येईल? वेचाई किलोवर मिळते, घरी बसून भागत नाही.

पोटावर टाके घालून झालेल्या ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे भरलेली गुंड, गवताचा भारा, सरपणाची मोळी, पोत्याचे टोक, यांतले काहीही उचलू नये. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बाहेरची जखम लवकर भरते, पण आतले टाके तेवढाच वेळ घेतात, म्हणून नियम तोच. शेतमजुरीचे पूर्ण काम साधारण तीन महिन्यांनी, तपासून घेऊन सुरू करावे.

त्यानंतरही कामाची रीत बदलावी लागते. कापूस वेचताना ओटी कमरेला बांधतात, तिची गाठ नेमकी टाक्यावर येते आणि ओटी भरत जाते तसतसा सगळा भार ओटीपोटावर लोंबतो, तोही वाकलेल्या अवस्थेत. ओटी खांद्यावरून झोळीसारखी घ्यावी, किंवा गाठ बाजूला घेऊन ओटी अर्धी भरली की रिकामी करावी. किलोवर मजुरी असताना वारंवार गंजीपर्यंत जाण्यात वेळ जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. जोडीने वेचणाऱ्या बाईने रिकामी करायची आणि दुसरीने ओळ पुढे न्यायची, असे काही गावांत बायकांनी आपसांत ठरवून घेतले आहे. निंदताना तासन्‌तास उकिडवे बसण्याऐवजी मधूनमधून उभे राहावे. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून राहावे लागते, त्यामुळे पहिल्या हंगामात रोवणी टाळता आली तर टाळावी.

कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस ठरावीक दिसत असतील (प्रश्न ३), तर त्या दिवसांत हलके काम मागून घ्यावे.

१३. सोयाबीन आणि जवसात बायकांचे हार्मोन असते म्हणतात. ते बंद करावे का?

दोन्हींत इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले वनस्पतिजन्य घटक असतात, हे खरे आहे. पण जवसाची चटणी किंवा कधीतरीची सोयावडी एवढ्या प्रमाणात खाल्ल्याने एंडोमेट्रिओसिस वाढतो, असे सिद्ध झालेले नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि जवसाची चटणी हे पोट साफ ठेवणारे जेवण आहे आणि बद्धकोष्ठता टाळणे या दुखण्यात फार महत्त्वाचे आहे. सोयाबीनचा अर्क असलेल्या कॅप्सूल किंवा "बायकांची ताकद" म्हणून विकली जाणारी चूर्णे मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सोयाबीन शेतात काढण्याने काहीही होत नाही.

१४. संबंधाच्या वेळी फार दुखते. नवऱ्याला कसे सांगावे?

दुखते एवढे सरळ सांगावे आणि हे उत्तर वाचून दाखवावे. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे आणि तपासणी होईपर्यंत संबंध ठेवू नयेत. त्यानंतरही दुखत असेल तर कारण कोरडेपणा, वरच्या टोकाचा टाका, मागे उरलेली गाठ किंवा आवळलेले स्नायू (प्रश्न ५) यांपैकी असते आणि प्रत्येकावर उपाय आहे: वंगणाची जेली, योनीत लावण्याचे कमी मात्रेचे मलम, फिजिओथेरपी, औषध. मलमात इस्ट्रोजेन असते, म्हणून ते डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिसची माहिती देऊनच घ्यावे.

नवऱ्यांकडूनही हा प्रश्न येतो आणि त्यांना वाटते बायकोची इच्छाच गेली. दुखण्याची भीती असताना इच्छा होत नाही. दुखले की थांबायचे, असे दोघांनी आधीच ठरवावे.

१५. पुन्हा ऑपरेशन करा म्हणतात. करावे का?

आधी तीन गोष्टी विचाराव्यात: नेमका कोणता भाग काढणार, तो तपासणीत दिसला आहे का, आणि औषधाने पाहून झाले आहे का. मूत्रवाहिनी किंवा आतडे दाबले जात असेल, ओव्हरीचा तुकडा किंवा मोठी गाठ दिसत असेल, तर ऑपरेशन योग्य ठरू शकते. फक्त दुखते म्हणून आणि काहीही न पाहता "उरलेली ओव्हरीही काढून टाकू" असे सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कमी वयात तर घ्यावेच. दुसऱ्या वेळी सगळे चिकटलेले असल्यामुळे आतडे, मूत्राशय आणि मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ते जिथे आतड्यांचे आणि मूत्रमार्गाचे सर्जनही उपलब्ध आहेत अशाच ठिकाणी करावे.

गरज नसताना पिशव्या काढल्या जात असल्याच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल देताना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असे सांगितले आहे. दुसरे मत मागणे हा डॉक्टरांचा अपमान होत नाही.

१६. जावे कुठे आणि खर्च किती?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूरचे मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक रुग्णालयात बसेलच असे नाही. ते दाखल होण्याआधीच तेथील आरोग्यमित्राला विचारावे. रेशन कार्ड, आधार आणि प्रश्न २ मधील कागद सोबत न्यावेत.

१७. याचा कॅन्सर होतो का? तपासण्या चालू ठेवाव्यात का?

एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नाही. ओव्हरीच्या कर्करोगाचा धोका तो असलेल्या बायकांत थोडा जास्त असतो, पण बहुसंख्य बायकांना तो कधीच होत नाही. पिशवीचे तोंड ठेवले असेल तर पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी चालू ठेवावी. तोंडही काढले असेल आणि आधी त्यात दोष सापडला नसेल, तर तिची गरज राहत नाही. स्तनांची तपासणी सर्वांनीच करावी.

१८. आता पोरीचीही पाळी खूप दुखते. तिचीही पिशवी काढावी लागेल का?

आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणूनच तिला "आम्हालाही दुखायचे, लग्न झाल्यावर बरे होते" असे सांगून घरी बसवू नये. पाळीत शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, गोळी घेऊनही राहवत नसेल, तर तिला याच वयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि आईला एंडोमेट्रिओसिस होता हे पहिल्याच भेटीत सांगावे. म्हणजे डॉक्टर त्या दिशेने पाहू लागतात. जगभर प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते आणि उपचार गोळ्यांनी सुरू होतात. त्या हार्मोनच्या असल्या तरी त्यामुळे पुढे मूल होत नाही, हा समज चुकीचा आहे.

१९. मन लागत नाही, रडू येते, जगणे नको वाटते. हेही पिशवीमुळेच का?

कायमचे दुखणे, तुटलेली झोप, ओव्हरी काढली असल्यास एकदम खाली आलेले हार्मोन, काही वेळा चालू असलेली औषधे, आणि या सगळ्यावर घरातले टोमणे, ही सगळी कारणे एकत्र येतात. त्यावर उपचार आहेत आणि ते पोटाच्या उपचारांसोबतच सुरू करावे लागतात. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येते. जगणे नको वाटते असे कुणी बोलली तर तिला त्या दिवशी एकटे ठेवू नये, घरातली कीटकनाशके तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलपात ठेवावीत आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.